मौजे केप मे येथील खानेसुमारी

एडिसन, न्यू जर्सी
भाद्रपद वद्य त्रयोदशी

तीर्थरूप दादा व सौ. वहिनी यांस सदाशिवाचा शिरसाष्टांग नमस्कार. विनंती विशेष.

तुमचे श्रावणात लिहिलेले पत्र भाद्रपदात पोचले. चि. मिलिंदचे म्हणणे असे की, काकांशी दर रविवारी पडद्यावर बोलणे होत असता टपालखात्यास उगाच श्रम कशाला. परंतु पडद्यावर जे होते ते बोलणे नव्हे, ती हजेरी होय, आणि तीत ‘जेवलात का’, ‘पाऊस आहे का’ व ‘आवाज येत नाही’ या तीन बाबींपलीकडे कामकाज सरकत नाही, हे तुम्हीही जाणताच. तुमच्या पत्रास वहिनींच्या हातची जी पुरवणी जोडली आहे तीत, ‘भाऊजी म्हणे तिकडे पहाटे उठून पाखरे बघत हिंडतात, हे खरे काय’ असा सवाल आहे. ही वार्ता वाईपर्यंत कोणी पोचवली याचा तपास मी करणार नाही, कारण संशयित व्यक्ती एकच असून तिच्याशी माझा संसार गेली कित्येक वर्षे चालू आहे. वार्ता खरी आहे. सबब तपशीलवार कैफियत सादर करतो.

मूळ व्यसन मिलिंदचे. वाईत असताना घाटावरचा कावळा आणि बगळा यांपलीकडे तिसऱ्या पक्ष्याची ज्याने कधी विचारपूस केली नाही तो हा मुलगा, येथे सप्टेंबर लागला की रात्रीचे जेवण उरकताच हवामानखात्याच्या रडारचे चित्र उघडून बसतो. त्या चित्रात पाऊस दिसावा अशी सरकारची अपेक्षा. परंतु सूर्य मावळून अर्धापाऊण तास झाला की अगदी निरभ्र रात्रीही त्यात एक हिरवेनिळे वर्तुळ फुगत जाते, आणि ते वर्तुळ म्हणजे पाऊस नसून, दिवसभर झाडीत चरून अंधार पडताच दक्षिणेस निघालेले असंख्य लहान लहान पक्षी असतात. रात्री हवा थंड व स्थिर असते, ससाण्यांची गस्त बंद असते, दिशा दाखविण्यास तारे असतात आणि दिवस पोट भरण्यास मोकळा राहतो, असा त्यांचा हिशेब आहे. आणि आपल्या एस.टी. महामंडळाच्या रातराणीमागेही याहून निराळा हिशेब नसावा. कॉर्नेल विद्यापीठातील मंडळी तर या रडारावरून, आज रात्री कोणत्या मुलखावरून किती पक्षी जातील, याचा आगाऊ अंदाजही रोज प्रसिद्ध करतात. पर्जन्याचा अंदाज चुकला तर लोक हवामानखात्यास नावे ठेवतात. पक्ष्यांचा चुकला तर मिलिंद उदास होऊन भांडी घासतो.

गेल्या गुरुवारी घरी आबांचा पक्ष झाला. सौ.ने व सूनबाईने सगळा स्वयंपाक यथासांग केला, पडद्यावरच्या गुरुजींनी संकल्प सांगितला, देशी दुकानातून आणलेल्या केळीच्या पानावर खीर, वडे, अळूची भाजी वाढून ते पान मागच्या लाकडी ओट्यावर ठेवले, आणि आम्ही सर्वजण काचेच्या दाराआड कावळ्याची वाट पाहत उभे राहिलो. कावळा आला नाही. येथे कावळे नाहीत असे नव्हे. उलट ज्या दिवशी कचऱ्याचे डबे बाहेर काढतात त्या दिवशी ते वेळेवर हजर असतात. अखेर एक करडी खार आली आणि उडदाचा वडा दोन हातांत धरून शांतपणे खाऊन गेली. गुरुजींनी ‘परदेशात चालते’ असा निर्वाळा दिला, सौ.चे समाधान झाले नाही. ही बाब ध्यानात ठेवावी, कारण हिचा संबंध पुढे येणार आहे.

शुक्रवारी दुपारी पावसाची एक सर येऊन गेली, उकाडा ओसरला आणि वारा फिरून वायव्येचा झाला. त्यासरशी मिलिंदचा चेहरा उजळला, सूनबाईने निमूटपणे कणीक भिजवावयास घेतली, आणि शनिवारी पहाटे चारच्या सुमारास आम्ही पाचही जण, म्हणजे नात चि. सई धरून, मोटारीत बसलो व गार्डन स्टेट पार्कवे नावाच्या रस्त्याने, जेथे त्या रस्त्याचा शून्य क्रमांकाचा मैल लागतो, तेथवर गेलो. प्रवास सव्वादोन तासांचा. त्यात मी झोपलो, म्हणून त्याचे वर्णन करीत नाही.

केप मे हे या राज्याचे दक्षिण टोक होय. पूर्वेस अटलांटिक महासागर, पश्चिमेस डेलावेअरची खाडी आणि समोर त्या खाडीचे मुख, जे ओलांडावयास आगबोटीला १७ मैलांचा पल्ला पडतो, अशा त्याच्या चतुःसीमा आहेत. उत्तरेकडील रानांतून निघालेले पक्षी वायव्येच्या वाऱ्याने ढकलले जात किनाऱ्यास लागतात, समुद्रावर जाण्याची छाती नसल्याने किनारा धरून खाली सरकतात, आणि दोन्ही बाजूंनी अरुंद होत होत जमीन जेथे संपते तेथे पुढचे पाणी पाहून विचारात पडतात. म्हणजे सृष्टीने येथे एक जकातनाकाच बसविला आहे म्हणा ना, ज्याला बगल देण्यास आडवाट नाही. बहिरी ससाणा किंवा मासेमार गरुड यांस पाण्याची तमा नसते. परंतु जे शिकारी पक्षी तापलेल्या जमिनीवरून वर चढणाऱ्या हवेच्या आधाराने, पंख न हलविता, जवळजवळ फुकटात प्रवास करतात, त्यांना पाण्यावर ती हवा मिळत नाही. म्हणून ते टोकावर घिरट्या घालीत उंची साठवितात, किंवा खाडीच्या काठाने उलटे वर जाऊन अरुंद जागा शोधतात. माणसाने फक्त खाली उभे राहावयाचे.

उजाडता उजाडता आम्ही हिगबी बीच नावाच्या रानात पोचलो. तेथे आधीच तीसचाळीस माणसे माना वर करून उभी होती, आणि डोक्यावरून लहान लहान पक्षी एकामागून एक, दोनदोन, चारचार, असे उत्तरेकडे चालले होते. दक्षिणेस जावयास निघालेले प्रवासी उत्तरेकडे जाताना पाहून सौ.ने, ‘यांची गाडी चुकली काय’ असा प्रश्न केला. तो अगदीच अस्थानी नव्हता. रात्रीच्या वाऱ्याने जे पक्षी समुद्रावर किंवा टोकापलीकडे लोटले जातात ते उजाडताच मागे फिरतात आणि दाणापाणी व सावली देणारे रान शोधीत खाडीकाठाने पुन्हा वर येतात. त्या माघारीचा हा देखावा होता. ज्यांना आम्ही ठिपके म्हणत होतो त्यांची नावे आमच्या शेजारचे एक गृहस्थ, पक्षी डोक्यावर असेतोवर, म्हणजे फार तर दोन निमिषांत, केवळ ‘झिट्’ किंवा ‘त्सिप्’ अशा आवाजावरून सांगत होते. त्यांचे म्हणणे कोणी तपासून पाहू शकत नव्हते आणि तरी कोणी हरकतही घेत नव्हते. असा मान मामलेदारांनाही माझ्या पाहण्यात कधी मिळाला नाही.

या पाखरांपैकी ‘ब्लॅकपोल’ नावाच्या एकाचे वजन सुमारे १२ ग्रॅम, म्हणजे तुमच्या चष्म्याहून कमी. ते पाखरू या दिवसांत खाऊन खाऊन आपले वजन जवळजवळ दुप्पट करते आणि ईशान्येच्या किनाऱ्यावरून थेट समुद्रावर झेपावून, दोनतीन दिवस कोठेही न टेकता, दक्षिण अमेरिकेकडे किंवा वाटेतल्या बेटांकडे जाते. त्यावर मिलिंदने, ‘बाबा, त्याला व्हिसा लागत नाही’ असा विनोद केला. हा विनोद येथील प्रत्येक मराठी माणूस स्थलांतरी पक्षी दिसताच करतो आणि प्रत्येक वेळी तो आपल्यालाच सुचला असे त्याला वाटते, म्हणून मी फक्त मान हलविली.

एक प्रकरण मात्र दप्तरी ठेवण्याजोगे आहे. अलेक्झांडर विल्सन नावाचा एक स्कॉच विणकर १७९४ साली या देशात आला आणि मागाचा नाद सोडून त्याने अमेरिकेच्या पक्ष्यांवर अनेक खंडांचा सचित्र ग्रंथ रचला. त्याचे स्नेही जॉर्ज ऑर्ड यांनी १८११च्या सुमारास या केप मे परिसरात एक पिवळे, तपकिरी गालाचे पाखरू टिपले. विल्सनने त्याचे वर्णन करून त्यास या गावाचे नाव दिले. आणि त्यानंतर शंभराहून अधिक वर्षे ते पाखरू त्या गावी कोणाच्या नोंदीत आले नाही. वास्तविक त्याचे घर कॅनडाच्या सूचिपर्णी रानांत, हिवाळी मुक्काम वेस्ट इंडीजच्या बेटांवर. केप मे केवळ वाटेवरचे. म्हणजे ज्या गावी इसम राहत नाही, जमीन धारण करीत नाही, त्या गावाच्या दप्तरी त्याचे नाव लागले, आणि दोनशे वर्षांत फेरफारासाठी एकाचाही अर्ज आला नाही! त्या दिवशी त्यांतले एक आम्हांस दिसले. ते एका देवदारावर किडे वेचीत होते व या विषयात त्यास काही सांगावयाचे असावे असे वाटले नाही.

नऊच्या सुमारास आम्ही दीपगृहापाशी गेलो. हे दीपगृह १८५९ साली बांधलेले, १५७ फूट उंच. याच्या आधीच्या दोन दीपगृहांच्या जागा समुद्राने खाल्ल्या, आणि किनाऱ्यावर दुसऱ्या महायुद्धात, १९४२ साली, बांधलेला जो काँक्रीटचा बुरूज आहे तोही, तेव्हा जमिनीत दडलेला असून, आता वाळूवर उघडा पडला आहे. परंतु मला जे सांगावयाचे आहे ते या दोहोंच्या मधल्या लाकडी माच्याविषयी. त्या माच्यावरून १९७६ सालापासून दरवर्षी १ सप्टेंबर ते ३० नोव्हेंबर, रोज, टोकावरून जाणाऱ्या प्रत्येक शिकारी पक्ष्याची मोजदाद होते. दादा, तुम्ही शाळाखात्यात होतात, तुम्हांला यातली गोडी कदाचित कळणार नाही. पण ज्याने आपली उमेद तालुका कचेरीत नोंदवह्यांवर घालविली, त्या माझ्यासारख्या निवृत्त अव्वल कारकुनास त्या माच्यावर पाय ठेवताच स्वखात्यात आल्यासारखे झाले.

गणतीचे काम एका पंचविशीतल्या मुलीकडे होते. नेमणूक हंगामी. डोक्यावर मोठी टोपी, गळ्यात दुर्बीण, पुढ्यात तिपाईवर दुसरी मोठी दुर्बीण, आणि कठड्यास बांधलेल्या फळीवर लहान लहान मोजयंत्रे ओळीने बसविलेली, प्रत्येक जातीस एक. पक्षी दिसला की तिची नजर वर आणि अंगठा खाली, तोही न पाहता, बरोबर त्याच यंत्रावर. दर तासास वारा, ढग, उष्णमान व दृष्टीचा टप्पा यांची नोंद, आणि शेजारच्या फळ्यावर ‘आज’ व ‘हंगामात’ असे दोन रकाने, जे कोणाही रयतेने येऊन वाचावेत. लोक तिच्याशी बोलत, तीही हसून उत्तरे देई, पण बोलताना तिने आकाशावरचे डोळे काढले नाहीत. आमच्या कचेरीत याच्या उलट रिवाज होता.

त्या माच्यावर एकमेकांस पक्षी दाखविण्याची जी रीत आहे ती ऐकून तर मी गहिवरलो. आकाशात खूण सांगावयाची कशाने? तर, ‘दीपगृहाच्या डावीकडे दोन बोटे, घोड्यासारख्या ढगाच्या खाली, पाण्याच्या टाकीच्या वर, विमानाच्या धुराच्या अलीकडे’. म्हणजे खरेदीखतात लिहितात त्याप्रमाणे चारी हद्दी देऊन मधल्या पक्ष्याची मिळकत वर्णन केलेली! फरक इतकाच की येथे दस्त पुरा होईतो पूर्वेचा ढग पश्चिमेस जातो आणि मिळकतही उडून जाते, त्यामुळे तंटा उभा राहत नाही.

तंटा मुळीच होत नाही असे मात्र नाही. येथून जाणाऱ्यांत सर्वांत मोठा भरणा आपल्या शिक्र्याच्या गोत्रातल्या, ‘शार्प-शिन्ड’ नावाच्या एका लहान शिकारी पक्ष्याचा असतो, आणि त्याचा ‘कूपर’ नावाचा थोरला भाऊबंद हुबेहूब त्याच्यासारखा आहे. धाकट्याचे डोके बारके, शेपूट टोकाला चौकोनी. थोरल्याचे डोके मोठे, शेपूट वाटोळे. परंतु या कुळात मादी नराहून पुष्कळ मोठी असल्यामुळे धाकट्याची मादी आणि थोरल्याचा नर आकाराने जवळजवळ एक होतात, आणि मग पाचशे फुटांवर शेपटाचा कोपरा चौकोनी की वाटोळा यावर, पेन्शनीत निघालेली, खाकी बंडीला अगणित खिसे असलेली, एरवी अत्यंत सुशील अशी दोन माणसे तांबडीलाल होतात. आमच्यासमोर तेच घडले. एकाने ‘कूपर’ म्हटले, दुसऱ्याने ‘शार्पी’ म्हटले, दोघांनीही आपापल्या अनुभवाची साले सांगितली, आणि अखेर दोघेही त्या मुलीकडे वळले. तिने दुर्बीण खाली न घेता पक्षी दिसेनासा होईपर्यंत पाहिला, आणि मग एका तिसऱ्याच यंत्रावर अंगठा दाबला. मी मिलिंदकरवी विचारले, हे कोणते खाते? तिने सांगितले, ‘ओळख पटली नाही’ याचे.

हे खाते अधिकृत आहे. इतकेच नव्हे तर त्याला पोटशीर्षकेही आहेत: ‘शिक्र्याच्या कुळातला, पण कोणता ते कळले नाही’, ‘ससाण्याच्या कुळातला, पण कोणता ते कळले नाही’, ‘गरुड खरा, पण कोणता ते कळले नाही’, आणि सर्वांत शेवटी, ‘शिकारी पक्षी होता, एवढेच’. अज्ञानाचीही अशी शिस्तवार वर्गवारी मी उभ्या नोकरीत पाहिली नव्हती. आमच्याकडे पिकांची नजरअंदाज पैसेवारी निघत असे हे तुम्हांला ठाऊक आहे. समितीने शिवारात जावे, पीक पाहावे व रुपयात किती पैसे पीक आले ते लिहावे, असा नियम, आणि पन्नास पैशांच्या आत आकडा आला तर सरकारास सवलती देणे भाग, म्हणून ज्या शिवारात जीप जाऊ शकली नाही त्याचीसुद्धा पैसेवारी एक्कावन्न येई. मी ते तक्ते शेकड्यांनी तपासले, बेरजा जुळविल्या, खाली सही केली. परंतु ‘कळले नाही’ असा रकाना त्यांत नव्हता, आणि असता तर तो भरणाऱ्या तलाठ्यास दुसऱ्या दिवशी खुलासा द्यावा लागला असता. या मुलीस कोणी खुलासा विचारला नाही. उलट ते दोघेही पेन्शनर, आपण हरलो नाही एवढ्यावर समाधान मानून, एकाच थर्मासातली कॉफी प्याले.

आता, या खानेसुमारीपासून फायदा काय, असे तुम्ही विचाराल. शेजारच्या पेनसिल्व्हेनियात हॉक माउंटन नावाचा डोंगर आहे, त्याचा दाखला देतो. एके काळी शरदात लोक त्या डोंगरावर बंदुका घेऊन जात आणि जाणारे शिकारी पक्षी केवळ गंमत म्हणून पाडीत. १९३४ साली रोझली एज नावाच्या बाईंनी तो डोंगरच भाडेपट्ट्याने घेतला आणि मॉरिस ब्राउन नावाचा एक राखणदार तेथे बसविला, ज्याने बंदुकवाल्यांस परत पाठवावे व रिकाम्या वेळी पक्षी मोजावेत. तो मोजीत राहिला. १९३५ ते ३९ या वर्षांत दिसलेल्या गरुडांत ४० टक्के पिल्ले होती. १९५५ ते ५९ मध्ये ती २० टक्क्यांवर आली. आणि १९५७ साली ३२ मोठ्या गरुडांमागे एक पिल्लू, अशी स्थिती झाली. गरुड होते, संतती नव्हती. ही आकडेवारी रेचेल कार्सन बाईंनी १९६२ साली ‘सायलेंट स्प्रिंग’ या आपल्या ग्रंथात डीडीटीविरुद्धच्या पुराव्यात दाखल केली. १९७२ साली त्या औषधाच्या शेतीतील वापरावर येथे बंदी आली. या न्यू जर्सीत त्या सुमारास पांढऱ्या डोक्याच्या गरुडाचे एकच घरटे उरले होते, आज दोनशेच्या वर आहेत. आम्ही माच्यावर असताना त्यांपैकी एक गरुड इतका खालून गेला की सईने त्याच्या चोचीचा पिवळा रंग उघड्या डोळ्यांनी पाहिला. ब्राउनने मोजावयास सुरुवात केली तेव्हा अंड्यांची कवचे पातळ करणारे ते औषध बाजारात आलेलेच नव्हते. ज्या खटल्याची फिर्यादच दाखल झालेली नाही त्याचा पुरावा जमा करीत बसलेला असा कारकून आपल्या कोणत्या कचेरीने एक महिना तरी टिकू दिला असता?

दुपारी सूनबाईने डबा उघडला. तिखटमिठाच्या पुऱ्या, शेंगदाण्याची चटणी, लिंबाचे गोड लोणचे. आम्ही तळ्याकाठच्या बाकावर बसलो, सौ.ने पुरीवर चटणी घेतली, पुरी दुमडली, आणि ती तोंडाशी नेणार तोच तिच्या पदरास वारा लागला एवढेच आम्हांस कळले. पाहतो तो हातात चटणीचा डाग आणि वर तीसेक फुटांवर एक कुरव, ज्याच्या डोक्यावरची उन्हाळी काळी टोपी झडत आली होती व कानामागे तिची केवळ शाई उरली होती, ती पुरी आख्खी गिळण्याच्या खटपटीत. गिळल्यावर तो खदखदा हसला. या जातीचा आवाजच तसा आहे. तेवढ्यात उद्यानाची एक स्वयंसेविका लगबगीने आली व तिने, पक्ष्यांस खाऊ घालू नये, अशा अर्थाच्या फलकाकडे बोट दाखविले. घातले नाही, त्याने नेले, हा भेद मिलिंदने तिला विनयाने समजावून दिला. इकडे सौ.चा मुखडा कित्येक दिवसांत दिसला नाही असा प्रसन्न झालेला! तिने पदर सावरून आकाशाकडे पाहत हात जोडले आणि म्हणाली, ‘गुरुवारी आले नाहीत ते आज आले.’ मी सांगू पाहिले की, शास्त्रात काकबळी आहे, कुरवबळी नाही. त्यावर तिचे उत्तर असे की, मामंजींना तिखटमिठाच्या पुऱ्यांवर किती जीव होता हे घरात सर्वांना ठाऊक आहे, आणि त्यांनी जन्मात कधी मागून घेतले नाही, ज्याच्या ताटातले आवडले त्याच्या ताटातून उचलले. हे खरे आहे, दादा. तुमच्या ताटातला बेसनाचा लाडू तुम्हीही विसरला नसाल. सूनबाईने मग उरलेल्या पुऱ्या मोटारीत बसून वाढल्या.

तिसऱ्या प्रहरी माच्याजवळच काही मंडळींनी वलयांकनाचे प्रात्यक्षिक केले. पहाटेपासून जाळ्यात धरलेले शिकारी पक्षी ते एकेका पत्र्याच्या नळकांड्यात, डोके आत व पाय बाहेर, असे आणतात; अंधारात तो पक्षी शांत राहतो. त्यांतून निघाली ती ‘शार्प-शिन्ड’ची यंदाच जन्मलेली मादी. आकाशात जिच्यावरून माणसे भांडतात ती हातात केवढी? पारव्याहून बारीक. पाय बोरूइतके सडपातळ व पिवळे. छातीवर पिंगट रेघा. डोळा गंधकासारखा पिवळा, तो पुढे वयपरत्वे तांबडा होतो म्हणे. आणि त्या डोळ्यांत भीतीचा लवलेश नाही, केवळ एक सात्त्विक संताप, जो मी फक्त हेडमास्तरांच्या ठायी पाहिला आहे. पायात ॲल्युमिनियमचे कडे, त्यावर क्रमांक. तो पक्षी पुन्हा कोठे सापडला तर त्या क्रमांकावरून कोणत्या दिवशी कोणी कडे घातले याचा छडा लागतो. काही देणगी दिली असता पक्षी आपल्या हाताने सोडू देतात व रीतसर पावती देतात. सईने सोडला. पावती मी ठेवली आहे.

फुलपाखरांविषयी लिहावयाचे राहिले. ‘मोनार्क’ नावाची नारिंगी फुलपाखरे त्याच दिवशी त्याच वाटेने, पिवळ्या गोल्डनरॉडच्या फुलांवर टेकत टेकत, मेक्सिकोस चालली होती. तेथल्या डोंगरांतले त्यांचे ठिकाण शास्त्रज्ञांस १९७५ साली कळले. जाणाऱ्यांपैकी एकानेही मेक्सिको पाहिलेला नसतो, गेलेले असतात ते त्यांचे पणजे. वारसनोंद नाही, दाखला नाही, आणि कबजा बरोबर!

आता तुमच्याकडे काम आहे. येथला मासेमार गरुड आणि हिवाळ्यात आपल्याकडील धरणांवर उतरणारा, हे एकाच जातीचे आहेत, आणि माळभिंगरीही तीच. फक्त आपल्याकडे येणारे पक्षी निराळ्या मुलखांतून निघतात. तुम्ही सकाळी गणपतीच्या घाटावर फिरावयास जाताच. पायऱ्यांवर शेपूट हलवीत धावणारा धोबी यंदा प्रथम कोणत्या तिथीस दिसला, तारांवर माळभिंगऱ्या केव्हा बसल्या, भोरड्यांचा थवा कोणत्या दिशेने आला, आणि धोमच्या पाण्यावर मासेमार गरुड घिरट्या घालतो काय, एवढे टिपून ठेवावे. सोबत मी हाताने आखलेले बारा तक्ते पाठवीत आहे. रकाने तारीख, वेळ, वारा, ढग, जात, संख्या असे असून शेवटचा ‘ओळख पटली नाही’ हा आहे. तुम्ही तुमच्या स्वभावाप्रमाणे प्रत्येक पाखरास काही तरी नाव द्याल, आणि वहिनी ते दुरुस्त करतील, हे मी धरून चालतो. तथापि ज्या तक्त्याचा शेवटचा रकाना संपूर्ण कोरा येईल तो तक्ता घरी बसून भरला असे समजून फेरचौकशीसाठी परत पाठविण्यात येईल.

शेजारच्या बाई दिवाळीपूर्वी पुण्याहून येणार आहेत. त्यांच्या हाती मेतकूट व कुळथाचे पीठ द्यावे. कळावे, लोभ असावा ही विनंती.

तुमचा धाकटा बंधू,
सदाशिव

ता. क. – सौ. सांगते की पुढल्या वर्षीचा पक्ष केप मे येथेच करावा. मिलिंदने त्यास, वारा वायव्येचा असल्यास, अशी अट घालून मंजुरी दिली आहे.